हवा वाढली

मिनिरन् जळत नाही, गंजत नाही, सडत नाही आणि कशालाच धरून राहत नाही. आमच्या गल्केटिया गावात पोर रांगायला लागलं की त्याचे गुडघे काळे चकचकीत होतात, ते फरशीवर सपकन आपटतं आणि तिथेच त्याचं पहिलं शिक्षण होतं.

शहरातले लोक त्याला ग्राफाइट म्हणतात, पेन्सिलीतलं शिसं म्हणतात. शिशाचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. तो कोळशाचा भाऊ आणि हिऱ्याचाही भाऊ, आणि दोघांच्या वळणावर गेलेला नाही. दुसऱ्या देशांत म्हणे तो खडकात तिळासारखा विखुरलेला असतो, डोंगरच्या डोंगर दळावे लागतात. आमच्याकडे त्याच्या शिरा आहेत. कधीकाळी धरणीच्या पोटातून कढत वाफा वर आल्या, खडकाच्या भेगांत शिरल्या, निवत गेल्या आणि निवता निवता भेगेच्या दोन्ही भिंतींवर मिनिरन् ठेवून गेल्या. भिंतीलगत सुया, मधोमध पानं. मी निवडणीच्या शेडमध्ये छोट्या कुऱ्हाडीने ही पानं आणि सुया वेगळ्या करते, खडक चिकटला असेल तर तासून टाकते. शेडमधल्या सगळ्या बायकांचे केस काळे आहेत. घरी जाऊन धुतले की वय कळतं.

एकदा विद्यापीठातून एक सर आले होते. भले माणूस. बाकावर आमच्या शेजारी बसले आणि एक पापुद्रा नखाने सोलून म्हणाले, "या एका पानातले कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की हिऱ्यानेही मान खाली घालावी. पण हे पान त्या पानाला विचारत नाही. म्हणून घसरतं."

माझ्या शेजारची यसवती म्हणाली, "म्हणजे आपली युनियनच की."

सर पोट धरून हसले. आम्ही कोणी हसलो नाही.

आता खाणीतल्या बोलीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खाणीच्या विहिरीत उतरणाऱ्या पाळण्यात पाय ठेवला की माणसाने काही शब्द वरच ठेवून जायचे. संपलं, पडलं, मेलं, तुटलं हे खाली बोलायचं नाही. दिवा विझला तर वाढला म्हणायचं. दोर तुटला तर दोर वाढला. दरड कोसळली तर खडक बसला. आमचे अप्पच्ची, म्हणजे वडील, असंच बोलायचे, त्यांचे अप्पच्चीही. हे बोलणं मग खाणीतून घरात आलं. आमच्या घरात तांदूळ कधी संपला नाही, नेहमी वाढला.

नवे मॅनेजर वीरक्कोडि महत्तया, म्हणजे साहेब, आले, त्यांच्या पहिल्या दिवशी दुपारी कॅन्टीनवाल्याने हात जोडून सांगितलं, "महत्तया, भात वाढलाय." महत्तया खूश होऊन ताट पुढे घेऊन बसले. बराच वेळ बसले. पुढे खालच्या बोगद्यात त्यांच्यामागे कोणीही "भात वाढलाय" म्हणालं की अख्खी पाळी खिदळायची. त्यांना ते कळलं होतं, आणि त्यांनी ते कधी माफ केलं नाही.

त्याच वर्षी कंपनीला मिनिरन्ची भूक सुटली. जगातल्या गाड्या आता बॅटरीवर चालणार, धूर होणार नाही, पृथ्वी वाचणार. बॅटरीत मिनिरन् लागतो. तेव्हा हुकूम आला की जुन्या बोगद्यांत भिंतींना आधार म्हणून सोडलेला मालही काढा. दोन खडकांच्या मध्ये जे काही अडून होतं ते खरवडून वर पाठवा. पृथ्वी वाचवायची होती, तिच्या पोटात कोण आहे हे बघायला कोणाला सवड नव्हती. सगळं खरवडून होत नाहीच. खडकावर मिनिरन्चा कागदाएवढा थर राहतो. आणि एवढा थर पुरतो.

तिलकसिरि माझा धाकटा भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाला मल्ली म्हणतात, मी त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली नाही. त्या दिवशी सकाळच्या पाळीला तो खाली गेला, बरोबर त्याचा जोडीदार पियरत्न. आम्ही शेडमध्ये गुळाचा खडा तोंडात धरून काळा चहा पीत होतो, तेवढ्यात भोंगा वाजला. पाळणा वर आला. त्यात एकटा पियरत्न. अंगभर काळा चकाकत होता, डोळे तेवढे पांढरे.

"खडक बसला," तो म्हणाला. "मल्ली पलीकडे आहे. बोलतोय."

मी कप खाली ठेवला. ठेवला कसला, तो हातातून गेला.

झालं होतं असं. बोगद्याच्या छताजवळची एक मोठी शिळा त्या कागदाएवढ्या थरावरून सरकली आणि तिरपी खाली आली. पियरत्न अलीकडे, मल्ली शेवटच्या टोकाला. मल्ली चिरडला नाही, त्याला खरचटलंही नाही. आपल्याच घरात असताना कोणी बाहेरून दार लावावं तसा तो आत राहिला. त्याच्या ड्रिलला हवा नेणारी लोखंडी नळी शिळेखालून गेलेली होती. ती दबली होती, पण बंद झाली नव्हती. वर मुतुबण्डा अय्या, आम्हा सगळ्यांचा म्हातारा दादा, कंप्रेसर चालवत होता तोवर आत हवा जात होती. शिळेच्या बगलेला हाताच्या पंजाएवढी फट होती, तिच्यातून त्याचा आवाज येत होता.

आमच्या माणसांनी रबराच्या झाडाचे ओंडके नेले, टेकू लावले, पाचरी ठोकल्या. पियरत्न वर येऊन सांगायचा आणि परत खाली जायचा. पाचर बसते, घण मारला की साबणासारखी बाहेर उडते. जॅक लावला तर जॅकचा पाय सरकतो. दोर बांधला तर गाठ आपोआप सुटत जाते. घणाचा दांडा हातात राहत नाही. सगळ्यांवर तोच थर, भिंतीवर, लाकडावर, तळहातावर. कशाने कशाला धरायचं?

"काथ्या द्या," तो म्हणाला. "राख द्या. जे खरखरीत असेल ते द्या."

आम्ही बायका सुटलो. गावातल्या प्रत्येक चुलीतली राख काढली, भाताचं तूस पोत्यात भरलं, नारळाचा काथ्या पिळून दोऱ्या केल्या. यसवतीने अंगणात घालायला आणलेली वाळू दिली. सगळं पाळण्यातून खाली गेलं. थोडा वेळ पाचरी बसल्या. पण आमची खाण गरम आहे, भिंतींना घाम येतो, माणसांना त्याहून जास्त. राख भिजली. तिचा चिखल झाला आणि शिळा पुन्हा थोडी सरकली.

विद्यापीठातल्या त्या सरांना कोणीतरी फोन लावला. ते म्हणाले, मिनिरन् घसरतो तो ओलाव्यामुळे, पानापानांत दमट हवा असते म्हणून. अगदी कोरडा केला तर तो घसरणार नाही, उलट करकरेल. "तिथली हवा कोरडी करता येईल का?" असं त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच म्हणाले, राहू द्या. त्यांनी आमची खाण बघितली होती.

दुपारी सैन्याचं बचाव पथक आलं. हिरवे कपडे, पिवळ्या टोप्या, दोरखंडांची वेटोळी. त्यांचा प्रमुख कॅप्टन हेट्टियाराच्ची म्हणून एक तरुण पोरगा होता, मिशी नुकती कोरलेली. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की आमची माणसं खालून वर पाठवली. "थकलेत, गर्दी होतेय," म्हणाले. पियरत्न वर आला आणि नळाखाली डोकं घालून बसला. मध्ये दोरी बांधून आम्हाला लांब उभं केलं. घरच्या लोकांना कळत राहावं म्हणून खांबावर लाऊडस्पीकर लावला. एक शिपाई खाली फटीशी टेलिफोन घेऊन बसला. मल्ली बोलेल ते तो वर सांगणार आणि वरचा शिपाई ते लाऊडस्पीकरवर.

तोवर रस्त्यावर बघे जमले होते. आइस्क्रीमची गाडीही आली. तिची टिंगटिंग ऐकून माझ्या डोक्यात रक्त चढलं होतं.

पथकाजवळ हवेवर चालणारा मोठा हातोडा होता. तो लावला तर शिळेचा कोपरा फोडून वाट काढता आली असती. पण कंप्रेसर एकच, तोही म्हातारा. एकतर मल्लीच्या नळीला हवा, नाहीतर हातोड्याला. दोन्ही जमत नव्हतं. कॅप्टनने खाली विचारायला सांगितलं, आत हवा कशी आहे?

थोड्या वेळाने लाऊडस्पीकर खरखरला. "कामगार शुद्धीवर आहे. तो सांगतोय की हवा वाढली आहे. मी पुन्हा सांगतो, हवा वाढली आहे."

रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टी मारली. दोरीच्या अलीकडे आम्ही खाणीतली माणसं उभी होतो, तिथे कोणी हललं नाही. यसवतीने माझा दंड धरला तो इतक्या जोरात, की तिची नखं रुतली.

आणि कंप्रेसरचा सूर बदलला. झडप फिरवली होती. हवा हातोड्याला गेली होती.

मी दोरीखालून गेले. एका शिपायाने मला धरलं, पण माझ्या दंडावरून त्याचा हात सटकला. आयुष्यात मिनिरन्चा तेवढा एकच उपयोग झाला.

"सर! वाढली म्हणजे संपली! तो संपली म्हणतोय!"

कॅप्टन वळला. शेजारी वीरक्कोडि महत्तया उभे होते. ते म्हणाले, "ही त्याची बहीण. घाबरलीय. त्याने स्वच्छ सिंहलीत सांगितलंय, वाढली. आपण सगळ्यांनी ऐकलं."

"महत्तया," मी म्हणाले, "तुम्ही ताट घेऊन बसला होतात, तेव्हाही तुम्हाला स्वच्छ सिंहलीतच सांगितलं होतं."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना समजलं. मला नक्की माहीत आहे, त्या क्षणी समजलं. पण ते बुटांकडे बघत राहिले. कॅप्टनने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वायर ओढून टेलिफोन माझ्या हातात दिला. खालच्या शिपायाने दुसरं टोक फटीला लावलं.

"कोण?" मल्लीचा आवाज. लांबून, डब्यातून आल्यासारखा.

"मी."

"अक्का? तुला फोनवर कोणी येऊ दिलं? तू मुतायला गेलीस तरी मुकादम बोंबलतो."

"मल्ली, हवा कशी आहे?"

"वाढली म्हणून सांगितलं की. तेव्हापासून तर नळीच गप्प झालीय. काय, मस्करी चाललीय का वर?"

"या लोकांना आपलं बोलणं कळत नाही रे. सरळ सांग. सरळ शब्दात."

"खाली बसून? अप्पच्चींनी उभ्या जन्मात खाली तसला शब्द काढला नाही. मी काढू? आणि आत्ता?"

"आग लागो तुझ्या खाणीला!"

"लागत नाही गं, अक्का," तो म्हणाला. "मिनिरन् आहे. हा जळला असता तर कोणी विचारलं असतं का आपल्याला?" तो हसला आणि हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबेना.

कॅप्टन माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान हलवली, हवा नाही. त्याने लगेच हात वर करून मुतुबण्डा अय्याला खूण केली, हवा पुन्हा नळीला गेली. एक क्षण त्याने वाया घालवला नाही, हे मला लिहिलंच पाहिजे.

"हातोडा बंद केलात तर तो बाहेर कसा येणार?" वीरक्कोडि म्हणाले.

आणि माझ्या अंगाची आग झाली ती याची की हेही खरं होतं. हवा दिली तर वाट फुटत नव्हती, वाट फोडायची तर हवा नव्हती. दुसरा कंप्रेसर कुरुणेगलहून निघाला होता, घाटात लॉरीमागे अडकला होता. वरून भोक पाडायचं यंत्र कोलंबोत होतं. दहा वर्षांपूर्वी हवं होतं ते सगळं आता रस्त्यावर होतं. खाली पथकाची माणसं हाताने छिन्नी चालवत होती. खडकावर छिन्नी उडत होती आणि मिनिरन्मध्ये लोण्यात जावी तशी आत जात होती, पण काही सुटून येत नव्हतं.

मग शेवटी कॅप्टनने पियरत्नला बोलावलं. दोघं जमिनीवर उकिडवे बसले. कॅप्टनने काडीने मातीत शिळा काढली.

"इथे टेकू दिला तर?"

"सरकेल."

"इथून साखळी?"

"सरकेल, सर."

"मग तुम्ही काय करता असं झालं की?"

पियरत्नने मातीतल्या त्या शिळेखाली बोट टेकवलं. "आम्ही असं होऊ नये म्हणून आधाराचा माल सोडून ठेवतो," तो म्हणाला. "तो वर आलाय. तिकडे, पोत्यांत."

कॅप्टनने काडी मोडली. कोणावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. इतक्या माणसांत कोणीतरी चुकत असायला हवं होतं, म्हणजे त्याला हलवून जागं करता आलं असतं. आता सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि कळून उपयोग नव्हता.

खालचा शिपाई म्हणाला की शिळा अजून उतरतेय. घसरण इतकी हळू होती की डोळ्याला दिसायची नाही, पण नळीवर खडूने केलेली खूण दिसेनाशी झाली होती. कंप्रेसर पूर्ण जोरात होता आणि हवा आत जात नव्हती, वरच्या सांध्यातून फिस्कारत बाहेर येत होती. मुतुबण्डा अय्याने त्या सांध्यावर आपला सरोंग फाडून गुंडाळला, वरून काथ्या बांधला. म्हातारा अर्ध्या चड्डीत उभा होता, सगळ्या गावासमोर.

"अक्का आहे का?" फोनमधून आवाज आला.

"आहे."

"अक्का, हवा संपली."

मी ऐकलं. कॅप्टननेही ऐकलं. त्याला आता बोली कळत होती, पण ह्यासाठी बोलीची गरज नव्हती.

"तसं बोलू नकोस," मी म्हणाले. "मल्ली, नीट बोल. वाढली म्हण."

"मगाशी सरळ बोल म्हणत होतीस."

"चुकले. वाढली म्हण. म्हण ना रे."

"तुझं एक काही खरं नाही," तो म्हणाला. शब्दाशब्दाला थांबत होता, चढावर सायकल ढकलत नेणाऱ्या माणसासारखा. "सुरंगीला सांग, सायकल पियरत्नला देऊ नको म्हणावं. तो परत करत नाही."

पियरत्न माझ्या बाजूलाच उभा होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"तू ये आणि तूच सांग," मी म्हणाले. पलीकडून उत्तर आलं नाही. खर्रर्र असा एक आवाज आला, शेडमध्ये गोणी जमिनीवरून ओढावी तसा. मग खालचा शिपाई बोलला. "सर, फट बंद झाली."

लाऊडस्पीकरवर काही सांगितलं नाही. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, बिघडला.

कॅप्टनने टोपी काढून हातात घेतली. खाली माणसं अजून छिन्नी मारत होती, त्याने त्यांना थांबवलं नाही. पण नळी पार बसली होती. पलीकडे काहीही जात नव्हतं, कंप्रेसर नुसता स्वतःशी भांडत होता. शेवटी कॅप्टन माझ्याजवळ आला.

"अक्का," तो म्हणाला. पहिल्यांदाच अक्का म्हणाला. "मशीन... काय करू?"

एवढे शिकलेले, एवढे साहेब, कंपनीचे पाच-सहा जण गाडीत काचा लावून बसलेले, आणि विचारलं मला. मिनिरन् निवडणाऱ्या बाईला. मी काय सांगायचं होतं? बंद कर म्हणायला माझी जीभ रेटेना. चालू ठेव म्हणायला काही कारण नव्हतं. मी मुतुबण्डा अय्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. डिझेलचा डबा उचलला आणि टाकीत ओतायला लागला.

वीरक्कोडि पुढे आले. "अय्या, आता कशाला उगीच..."

"तुम्ही गाडीत बसा, महत्तया," मुतुबण्डा अय्या म्हणाला. "इथे कपडे काळे होतात."

संध्याकाळची बस फाट्यावर थांबली. सुरंगी, मल्लीची बायको, उतरली. ती कुरुणेगलला कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर आहे. तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, निरोप पोहोचायला दिवस गेला. ती समुद्राकडची, आमच्या घरात आलेली नवी. गर्दीतून वाट काढत, चप्पल हातात घेऊन ती धावत आली. दुसऱ्या हातात भाताची पुडी होती. सुक्या माशाचा रस्सा आणि संबोल, म्हणजे खोबऱ्याची चटणी, वास येत होता. वाटेत कुठल्या हॉटेलातून घेतली असेल, तो दिवसभर उपाशी असणार म्हणून.

आधी तिने कंप्रेसरचा आवाज ऐकला. मग माझ्याकडे आली.

"अक्का, मशीन चालू आहे ना?"

"आहे."

"म्हणजे हवा जातेय."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर माझी पाच बोटं उमटली. तिने वळून त्याकडे पाहिलं नाही. ती मशीनजवळच्या दगडावर बसली, पुडी मांडीवर घेतली आणि रस्सा सांडला की काय ते बघायला कागदाची घडी उघडू लागली.